मोहल्ल्याचं वाचनालय बंद का पडतं? पंधरा-पंधरा दिवसांनी काम तपासून पाहा

वाचनालयाच्या उद्घाटनाचा दिवस सगळ्यांना आठवतो. रिबीन कापली जाते, पाहुण्यांचं भाषण होतं, नव्या कपाटात पुस्तकं ओळीनं लावलेली असतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात, ‘माशाअल्लाह’चे मेसेज येतात. पहिला महिना गर्दी असते. तिसऱ्या महिन्यात चार-पाच मुलं येतात. सहाव्या महिन्यात कपाटाला कुलूप लागतं आणि किल्ली कुणाकडे आहे तेही कुणाला नीट सांगता येत नाही.

मग आपण म्हणतो, ‘आजकाल कुणी वाचत नाही’, ‘मोबाइलनं वाट लावली’, ‘आपल्या समाजालाच आवड नाही’. पण हे खरंच खरं आहे का? त्याच मोहल्ल्यातली मुलं पोलीस भरतीची पुस्तकं उसनवार आणून झेरॉक्स काढतात. मुली अभ्यासाला जागा नाही म्हणून गच्चीवर बसतात. अम्मी मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं शोधत असतात. म्हणजे गरज आहे. पण वाचनालय एका दिशेला उभं आहे आणि गरज दुसऱ्या दिशेला.

हे अंतर कमी करण्याची एक साधी पद्धत आहे. ती सॉफ्टवेअरच्या जगातून आली आणि तिचं नाव आहे ‘अ‍ॅजाइल’. चपळ, लवचीक, परिस्थितीप्रमाणे वळणारं, असा या शब्दाचा अर्थ. नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. तुमच्या घरातला कुणी पुण्यात किंवा हैदराबादेत आयटी कंपनीत असेल तर त्याला विचारा, तो रोज सकाळी हेच करतो. आणि ही पद्धत चालवायला कॉम्प्युटर लागत नाही. एक चार्ट पेपर, थोड्या चिठ्ठ्या आणि एक वही पुरते.

लोहाऱ्यासारख्या गावात प्रश्न काय असतो?

यवतमाळ शहराला लागून असलेलं लोहारा घ्या. इथे एमआयडीसी आहे, रेमंडच्या डेनिम कापडाचा कारखाना इथलाच. कुणी पाळीत काम करतं, कुणी गॅरेज चालवतं, कुणी रोज शहरात कामाला जातं. मुलं शाळा-कॉलेजसाठी यवतमाळला ये-जा करतात. अशा ठिकाणी वाचनालयाची वेळ ‘संध्याकाळी पाच ते आठ’ ठेवली, तर नेमकं कोण येणार? दुसऱ्या पाळीचा कामगार तेव्हा कारखान्यात असतो. दहावीची मुलगी ट्यूशनला असते किंवा अंधार पडायच्या आत घरी पोचायच्या घाईत असते. घरातली बाई स्वयंपाकात असते. उरतात ती लहान मुलं आणि निवृत्त चाचाजान. मग वर्तमानपत्र वाचलं की वाचनालय संपलं.

यवतमाळ जिल्ह्याला पुस्तकांचं वावडं मुळीच नाही. 1973 मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली आणि जानेवारी 2019 मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळातच भरलं होतं. राज्याचा कायदाही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 चा. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं. अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं राज्यात 11 ते 12 हजारांच्या घरात आहेत. म्हणजे पुस्तकं आहेत, कायदा आहे, थोडाफार पैसाही आहे. अडतं ते रोजच्या चालवण्यात. एकदा ठरवलेली वेळ, एकदा आणलेली पुस्तकं आणि एकदा केलेला नियम आपण वर्षानुवर्षं तपासतच नाही.

अ‍ॅजाइल म्हणजे नेमकं काय?

फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी सॉफ्टवेअर बनवणारे 17 जण जमले. त्यांचं दुखणं एकच होतं. ग्राहकाशी एकदा बोलायचं, मोठा आराखडा करायचा, वर्ष-दोन वर्षं काम करायचं आणि शेवटी वस्तू हातात द्यायची. तोवर ग्राहकाची गरजच बदललेली असायची. त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्यं आणि बारा तत्त्वं आहेत. वाचनालयाच्या भाषेत ती चार मूल्यं अशी मांडता येतील.

एक, नियम आणि साधनं लागतातच, पण त्याहून मोठी आहेत ती माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं. दोन, कागदपत्रं हवीतच, पण त्याहून महत्त्वाचं आहे ते प्रत्यक्ष चालणारं वाचनालय. तीन, वाचकाला नियमावली दाखवण्यापेक्षा त्याला सोबत घेऊन ठरवा. चार, आराखडा करा, पण परिस्थिती बदलली तर आराखड्याला चिकटून बसू नका.

लक्षात घ्या, यात दुसरी बाजू फेकून दिलेली नाही. नियम, कागद, करार, आराखडा, हे सगळं लागतं. फक्त वजन कुठे जास्त द्यायचं ते सांगितलं आहे.

कामाची रीतही सोपी आहे. वर्षभराचं काम एकदम हाती घ्यायचं नाही. एक ते चार आठवड्यांचे छोटे टप्पे करायचे. अशा टप्प्याला ‘स्प्रिंट’ म्हणतात. आपण त्याला ‘पंधरवडा’ म्हणू. प्रत्येक पंधरवड्यात एक-दोनच गोष्टी करायच्या, त्या पूर्ण करायच्या, वाचकांपुढे ठेवायच्या आणि शेवटी बसून विचारायचं की जमलं का. जमलं तर पुढे न्यायचं. नाही जमलं तर सोडून द्यायचं किंवा बदलायचं.

हे आपल्याकडे अगदीच नवं नाही

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयाचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तकं वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी, जिवंत संस्था आहे, असा त्यांचा सारांश. हा पाचवा सिद्धांत नीट पाहिला तर त्यात अ‍ॅजाइलचं बीज दिसतं. जिवंत गोष्ट बदलते, जी बदलत नाही ती वाळते. सॉफ्टवेअरवाल्यांच्या 70 वर्षं आधी एका भारतीय ग्रंथपालानं हे सांगून ठेवलं होतं. त्यांचा जन्मदिन, 12 ऑगस्ट, देशात ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या राज्यात ही गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवणारेही आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानमार्फत विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं. कल्पना अशी की वाचक ग्रंथालयात येत नसेल तर ग्रंथालयानं वाचकाकडे जावं. सुमारे 100 पुस्तकांची एक पेटी काही कुटुंबांच्या गटाकडे द्यायची. त्यांची वाचून झाली की ती पेटी दुसऱ्या गटाकडे आणि दुसऱ्याची यांच्याकडे. इमारत नाही, काउंटर नाही. सुरुवात लहान, आणि ज्या गोष्टी जमल्या त्या वाढवत नेल्या. पुढे या पेट्या दुबईसह परदेशातल्या मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या.

दुसरं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. जानेवारी 2021 मध्ये, कोरोनानं शाळा बंद असताना, औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) मरियम मिर्झा या शाळकरी मुलीनं मोहल्ल्यातल्या मुलांसाठी वाचनालय सुरू केलं. तिच्याकडे स्वतःची पुस्तकं होती. मैत्रिणींकडे आणि शेजारच्या मुलांकडे नव्हती. वडील मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी यांचं पुस्तकांचं दुकान आणि ‘रीड अँड लीड फाउंडेशन’ पाठीशी उभं राहिलं. आधी एक मोहल्ला, मग दुसरा, मग तिसरा, असं करत ही संख्या तीसच्या पुढे गेली. कुणी आधी तीस वाचनालयांचा प्रकल्प अहवाल लिहून देणगी गोळा करत बसलं नाही. एक सुरू झालं, ते चाललं, म्हणून पुढचं सुरू झालं. मरियमनं ‘अ‍ॅजाइल’ हा शब्द वापरला नसेल, पण काम त्याच रीतीचं होतं.

बाहेरच्या जगातलंही एक उदाहरण पाहू. पूर्व लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात बांगलादेशी मुस्लिम कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. तिथली जुनी ग्रंथालयं ओस पडत होती. पालिकेनं रहिवाशांना विचारलं, तुम्ही का येत नाही? ग्रंथालय बाजाराजवळ हवं, सुटीच्या दिवशीही उघडं हवं, पुस्तकांबरोबर शिकायची सोय हवी, अशा अपेक्षा पुढे आल्या. त्यातून ‘आयडिया स्टोअर’ नावाची नवी केंद्रं उभी राहिली. पहिलं 2002 मध्ये बो इथे, मोठं 2005 मध्ये व्हाइटचॅपेलला. एकाच छताखाली पुस्तकं आणि प्रौढांसाठी वर्ग. मोठ्या शहराचा पैसा आपल्याकडे नाही, पण ‘का येत नाही?’ हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

मग सुरुवात कशी करायची?

पहिली पायरी : प्रश्न बरोबर विचारा. ‘तुम्हाला कोणती पुस्तकं हवीत?’ असं विचारलं की लोक संकोचानं काहीतरी सांगतात. त्याऐवजी विचारा, ‘गेल्या वेळी आलात तेव्हा काही न घेता परत का गेलात?’ किंवा ‘यायचं मनात होतं पण आला नाहीत, असं कधी झालं?’ उत्तर लगेच खरं येतं. वेळ जमत नाही. बसायला जागा नाही. तिथे सगळी मुलंच असतात. वर्गणी एकदम भरता येत नाही. पुस्तक उर्दूत आहे, मला मराठीत हवं. किंवा नेमकं उलट.

दुसरी पायरी : प्रत्येक गरज एका चिठ्ठीवर लिहा. सॉफ्टवेअरवाले यासाठी तीन भागांचं एक वाक्य वापरतात. मी कोण, मला काय हवं, कशासाठी हवं. समजा, अशा चिठ्ठ्या येतील :

‘मी दहावीची मुलगी. मला दुपारी दोन तास शांत जागा हवी, कारण घरात लहान भावंडं आहेत.’

‘मी कारखान्यात पाळीत काम करतो. मला रविवारी सकाळी पुस्तक बदलून हवं, कारण इतर दिवशी माझी वेळ ठरलेली नसते.’

‘मी उर्दू माध्यमात शिकलो. मला सोप्या मराठी व्याकरणाचं पुस्तक हवं, कारण पोलीस भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते.’

‘मी दोन मुलांची आई. मला मुलांना वाचून दाखवायला मोठ्या अक्षरांची पुस्तकं हवीत.’

शेवटचा ‘कशासाठी’ हा भाग सोडू नका. तो कळला की उपाय कधी कधी फार स्वस्तात सापडतो. उर्दू माध्यमाच्या त्या तरुणाला महागडा स्पर्धा परीक्षा संच नकोय. मो. रा. वाळंबे यांच्या मराठी व्याकरणाच्या दोन प्रती आणि आठवड्यातून एकदा शंका सोडवणारे एक शिक्षक, एवढ्यात त्याचं काम भागेल.

तिसरी पायरी : भिंतीवर फळा. चार्ट पेपरवर तीन रकाने आखा : ‘करायचं’, ‘सुरू आहे’, ‘झालं’. चिठ्ठ्या पहिल्या रकान्यात चिकटवा. काम हाती घेतलं की चिठ्ठी मधल्या रकान्यात, पूर्ण झालं की शेवटच्या. ही कल्पना जपानच्या टोयोटा मोटार कारखान्यातून आली. ताइइची ओनो या इंजिनियरनं कामाचा माल कुठे अडतोय ते सगळ्यांना दिसावं म्हणून कार्डं वापरली. त्याला ‘कानबान’ म्हणतात. जपानी भाषेत त्याचा अर्थ पाटी किंवा फलक. एक नियम कटाक्षानं पाळा : मधल्या रकान्यात एका वेळी तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या नकोत. आपल्या संस्थांची खरी अडचण इथेच असते. दहा कामं सुरू असतात, पूर्ण एकही होत नाही.

चौथी पायरी : उभ्यानं मशवरा. आयटी कंपन्यांत रोज 15 मिनिटांची बैठक होते आणि ती उभ्यानं होते, म्हणजे लांबत नाही. स्वयंसेवकांना रोज जमणार नाही. आठवड्यातून एकदा, एखाद्या नमाजनंतर किंवा रविवारी सकाळी, फळ्यासमोर उभं राहून प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगाव्यात. मागच्या वेळेपासून काय केलं, आता काय करणार, आणि कुठे अडलंय. मशवऱ्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. फक्त तो चहा-बिस्किटांसोबत दोन तास रंगतो, तो 15 मिनिटांत आटपायचा.

पाचवी पायरी : पंधरवड्याच्या शेवटी मागे वळून पाहा. काय चांगलं झालं? काय नाही झालं? पुढच्या पंधरा दिवसांत कोणती एक गोष्ट बदलायची? इथे एकच पथ्य आहे. माणसावर बोलायचं नाही, कामावर बोलायचं. ‘सलीम वेळेवर किल्ली आणत नाही’ असं म्हटलं की सलीम पुढच्या वेळी येणारच नाही. ‘किल्ली एकाच माणसाकडे आहे, तो बाहेरगावी गेला की कुलूप उघडत नाही, मग दुसरी किल्ली कुठे ठेवायची?’ असं म्हटलं की प्रश्न सुटतो.

लोहाऱ्यातले दोन महिने : एक कल्पनाचित्र

हे घडलेलं नाही, पण घडू शकतं. समजा, लोहाऱ्यातल्या एका मोहल्ल्यात एक खोली, एक कपाट, 200 पुस्तकं आणि पाच स्वयंसेवक आहेत.

पहिला पंधरवडा. फळ्यावर सर्वांत जास्त चिठ्ठ्या मुलींच्या आहेत. म्हणून एकच प्रयोग ठरतो : दुपारी तीन ते पाच फक्त मुली आणि महिलांसाठी, आणि त्या वेळी जबाबदारी एका महिला स्वयंसेवकाकडे. कमिटीतले ज्येष्ठ कदाचित कां-कू करतील. इथे या पद्धतीचा मोठा फायदा आहे. ‘कायमचं करू या’ म्हटलं की वाद होतो. ‘पंधरा दिवस करून बघू, नाही जमलं तर बंद करू’ म्हटलं की बहुतेक जण मान डोलावतात. पंधरा दिवसांनी वहीतले आकडे बोलतात, माणसांना भांडावं लागत नाही. पहिल्या आठवड्यात तीन मुली आल्या आणि दुसऱ्यात नऊ, तर पुढचा निर्णय सोपा होतो.

दुसरा पंधरवडा. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांसाठी वेगळा कप्पा. नवी पुस्तकं विकत घ्यायच्या आधी, गेल्या वर्षी भरती झालेल्यांकडून वापरलेले संच मागायचे. सोबत मराठी व्याकरणाचा रविवारचा एक तास.

तिसरा पंधरवडा. पाळीतल्या कामगारांसाठी ‘पुस्तक पिशवी’. दहा पुस्तकं एका कापडी पिशवीत भरून ती कारखान्यात जाणाऱ्या एकाच्या घरी ठेवायची, आसपासचे चार-पाच जण आपसात बदलून घेतील. समजा, हा प्रयोग फसला. पिशवी एकाच घरी पडून राहिली, दोन पुस्तकं हरवली. वाईट वाटेल. पण नुकसान किती? दोन पुस्तकं आणि पंधरा दिवस. हेच आपण वर्षभराचा उपक्रम म्हणून, वर्गणी काढून केलं असतं तर? लहान टप्प्याचा फायदा हाच, की चूक लवकर कळते आणि स्वस्तात सुटते.

चौथा पंधरवडा. पिशवी बंद. त्याऐवजी रविवारी सकाळी एक तास पुस्तक बदलण्याची वेळ. कामगारांची मूळ चिठ्ठी हेच तर मागत होती, आपणच जास्त हुशारी केली होती. ही गोष्ट लक्षात येणं हीसुद्धा त्या पंधरवड्याची कमाईच आहे.

ऋतू, परीक्षा आणि रमजान

वेळापत्रक एकदा रंगवून भिंतीवर लावलं की आपण त्याला हात लावत नाही. पण वर्ष सारखं नसतं. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात दुपारी बाहेर पडवत नाही. तेव्हा दुपारची वेळ सकाळी आणावी लागेल. फेब्रुवारी-मार्च म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा. तेव्हा गोष्टींची पुस्तकं थोडी मागे सरकवून बसायची जागा वाढवावी लागेल. रमजान दरवर्षी साधारण 10-11 दिवस अलीकडे येतो. इफ्तारच्या वेळेला वाचनालय उघडं ठेवून उपयोग नाही. त्याऐवजी सकाळी किंवा तरावीहनंतर एक तास ठेवता येईल. पावसाळ्यात गळकं छप्पर असेल तर खालचा कप्पा आधी रिकामा करायचा. बदलत्या परिस्थितीला उत्तर देणं म्हणजे अशा साध्या गोष्टी वेळेत करणं.

काय मोजायचं?

आपण पुस्तकांची संख्या अभिमानानं सांगतो, ‘आमच्याकडे दोन हजार पुस्तकं आहेत.’ पण कपाटातली पुस्तकं कुणाच्या उपयोगी पडली हे त्यातून कळत नाही. पंधरवड्याला तीनच आकडे वहीत लिहा. किती वेगवेगळी माणसं आली. किती पुस्तकं घरी गेली. आणि पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले. तिसरा आकडा सर्वांत महत्त्वाचा. पहिल्यांदा माणूस उत्सुकतेनं येतो, दुसऱ्यांदा तो उपयोग झाला म्हणून येतो.

एका वेळी एकच बदल करा. वेळही बदलली, पुस्तकंही बदलली, जागाही बदलली, आणि गर्दी वाढली, तर कशामुळे वाढली ते कसं कळणार? आणि वाचकांची नावं फळ्यावर लिहू नका. कोण कोणत्या परीक्षेची तयारी करतं, कोण काय वाचतं, हा ज्याचा त्याचा खासगी मामला आहे. मुलींच्या बाबतीत तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

कुठे थांबायचं?

‘आम्ही अ‍ॅजाइल आहोत’ म्हणजे मनाला येईल तसं, असा अर्थ नाही. काही गोष्टी हलवायच्या नाहीत. दाखल नोंदवही, देवघेवीची वही आणि पैशांचा हिशेब रोजच्या रोज चोख हवा. पुढे मान्यता आणि अनुदान हवं असेल तर संस्थेची नोंदणी, नोंदवह्या आणि तपासणी यांतून सुटका नाही, आणि ती असूही नये. देणगीदारानं दिलेला एकेक रुपया अमानत आहे. तसंच दिवसातली किमान एक वेळ वर्षभर अढळ ठेवा. रोजच वेळ बदलत राहिली तर लोक कंटाळतील.

दुसरा धोका म्हणजे थकवा. दर पंधरवड्याला नवं काही केलंच पाहिजे असं नाही. एखादा पंधरवडा फक्त फाटकी पुस्तकं चिकटवण्यात आणि कपाट आवरण्यात गेला तरी चालेल. स्वयंसेवक टिकले तर वाचनालय टिकेल. आणि एक माणूस असा ठरवा जो वाचकांच्या बाजूनं बोलेल आणि कोणती चिठ्ठी आधी घ्यायची ते ठरवेल. सगळ्यांना ‘हो’ म्हणणारी कमिटी कुणाचंच काम करू शकत नाही. शक्य असेल तर ही जबाबदारी एखाद्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला द्या. ती स्वतः वाचक असेल, तर तिला उत्तरं शोधायला लांब जावं लागणार नाही.

पुस्तकं कमी पडत असतील तर ती बाहेरूनही मिळू शकतात. सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तकांसाठी मदत करणारं केंद्र सरकारचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान 1972 पासून कोलकात्यात आहे. आयआयटी खरगपूरनं उभारलेलं भारताचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय मोबाइलवरही उघडतं. पण ही साधनं आणण्याआधी त्यांची गरज सांगणारी चिठ्ठी फळ्यावर आहे का, ते पाहा. चिठ्ठी नसेल तर ते साधनही कपाटातल्या पुस्तकासारखं धूळ खात पडेल.

या ईदला घरी येणाऱ्यांना सांगा

आपल्या अनेक घरांतली मुलं-मुली आज शहरात आयटीत आहेत. गावासाठी काहीतरी करावं असं त्यांना वाटतं, आणि बहुतेक वेळा ते पैसे पाठवतात. पैसे हवेतच. पण या वेळी त्यांच्याकडून एक दिवस मागा. ईदच्या सुटीत घरी आले की त्यांना वाचनालयात न्या, फळा आखून घ्या आणि पहिला मशवरा त्यांच्याकडून चालवून घ्या. जे काम ते कंपनीसाठी रोज करतात, ते मोहल्ल्यासाठी एकदा करून दाखवतील. पुढचं स्वयंसेवक निभावून नेतील.

आणि ज्यांच्या मोहल्ल्यात वाचनालयच नाही, त्यांनी इमारतीची वाट पाहू नये. ओसरीवर एक कप्पा, 50 पुस्तकं, आठवड्यातून दोन दिवस एक-एक तास. पंधरा दिवस चालवा. कोण आलं, काय मागितलं, काय न मिळाल्यानं परत गेलं, ते लिहा. दुसरा पंधरवडा कसा चालवायचा ते त्या वहीतच सापडेल.

जिथे वाचनालय आहे पण कुलूप आहे, तिथे या रविवारी एक काम करा. किल्ली शोधा, दार उघडा, आणि मोहल्ल्यातल्या दहा जणांना, त्यात निदान पाच मुली-महिला असू द्या, विचारा, ‘तुम्ही यायचं का सोडलं?’ उत्तरं ऐकताना मध्ये बोलू नका. ती चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीवर लावा. त्यातली जी सर्वांत सोपी आहे, ती पुढच्या पंधरा दिवसांत पूर्ण करा. नवं कपाट किंवा पुढची देणगी नंतर बघू.